नऊ नंबरचा काजवा

“नऊ. एक्केचाळीस हजार सहाशे.”

हा आवाज शैला हुक्केरीकरचा. बेळगावचा, जरा घोगरा, वाक्य संपताना पायरीवर बसावं तसा टेकणारा. पस्तीस वर्षं झाली, तरी भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना तो मध्येच कानात येतो.

दुपारचे तीन वाजले असतील. बाहेर पुण्याचं एप्रिलचं ऊन होतं, पण आमच्या त्या खोलीत आम्ही अंधार करून घेतला होता. खिडकीला काळं कापड, दाराच्या फटीला टॉवेल. शैला यंत्रापाशी उभी. मी तिच्याकडे पाठ करून, छोट्या लाल दिव्याखाली वही उघडून बसलेली. बर्फाच्या घमेल्यात नऊ नळ्या होत्या. नळ्या ठेवायच्या लाकडी घोडीवरून त्या मघाशीच घरंगळल्या होत्या, म्हणून क्रम राहिला नव्हता. हाताला लागेल ती नळी शैला यंत्रात घालायची, यंत्रावर आकडा उमटला की नळीचा नंबर आणि उजेडाचा आकडा असं दोन्ही सांगायची. मी लिहायचे.

चार, दोनशे नव्वद. सात, तीनशे पाच. दोन, नऊशे. असं संथ चाललं होतं. मग ती एक श्वासभर थांबली.

“नऊ. एक्केचाळीस हजार सहाशे.”

“काय?”

“नऊ गे. लिही की.”

मी लिहिलं. नऊ नंबरचा तुकडा शैलानं केलेला होता.

हे नीट सांगायला हवं. आम्ही दोघी डॉ. ठकारबाईंच्या विद्यार्थिनी, आणि बाईंच्या प्रयोगशाळेत तेव्हा एकच ध्यास होता. काजव्याच्या पोटात उजेड पाडणारं जनुक असतं, ते आम्ही यकृताच्या पेशींत घालायचो. नुसतं घातलं तर ते गप्प बसतं. कुठलंच जनुक आपणहून बोलत नाही. त्याच्या अलीकडे काही मजकूर असतो. तो सांगतो, आता बोल, एवढ्या मोठ्यानं बोल, आता पुरे. उपाशी माणसाच्या यकृतात एक जनुक जागं होतं. त्याच्या अलीकडचा मजकूर आम्हाला वाचायचा होता. म्हणून तो आम्ही नऊ लांबींत कापला. पहिला तुकडा सगळ्यात आखूड, नववा सगळ्यात लांब, आणि लांब तुकड्याच्या पोटात आखूड तुकडा आलेलाच. प्रत्येक तुकडा काजव्याच्या जनुकापुढे जोडायचा, पेशींत सोडायचा, दोन दिवसांनी पेशी फोडायच्या आणि मोजायचं, कुठल्या नळीत किती उजेड आहे. एक ते चार माझे. पाच ते नऊ शैलाचे. लांब तुकडे कापायला अवघड, आणि शैलाचा हात माझ्याहून सफाईचा.

माझं नाव नर्मदा, आडनाव काळोखे. आता कल्पना करा. बाई रोज सकाळी दारात चप्पल काढता काढता विचारायच्या, “काय काळोखे, पडला का उजेड?” सहा महिने मी मान हलवत होते. शैला मागून हळूच म्हणायची, “बाई, तिच्या घराण्यातच नाही ते.”

मी अकोल्याच्या पुढची, कळसूबाईच्या बाजूची. पावसाच्या आधी आमच्याकडे हिरड्याच्या, सादड्याच्या झाडांवर काजवे उतरतात. अख्खं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं. लग्नाची हळद कांडताना माझी आई ओव्या उचलायची. उचलायची म्हणजे पहिली ओळ तिची. ती जेवढ्या वरच्या आवाजात टाकेल तेवढ्या वरच्या आवाजात बाकीच्या झेलणार. तिनं खाली टाकली की सगळ्या खाली. मी शैलाला म्हटलं होतं, जनुकाच्या अलीकडचा मजकूर म्हणजे ही उचलणारी बाई. शब्द दुसरीचे असतील, पण किती मोठ्यानं, ते हिच्या हातात. शैलाला हे फार आवडलं. तेव्हापासून आमच्यात तुकड्यांना तुकडे म्हणणं बंद झालं, “उचलण्या” म्हणायचो. “तुझी तीन नंबरची उचलणी घसा बसलेली दिसते गे.” आईची एक ओवीही तिनं माझ्याकडून पाठ करून घेतली होती. पेशींना खाऊ घालताना गुणगुणायची:

काजव्या रे बापा, तुझा उजेड केवढा
माहेरच्या वाटेवर एका पावलाएवढा

कॉन्व्हेंटात शिकलेली मुलगी, पण ओवीची ओढ बरोबर घ्यायची.

वसतिगृहात आमची खोली एक होती, साबण एक होता, तिच्या घरून आलेला कुंदा एका डब्यात दोन चमच्यांनी खायचो. सुट्टीला मी गावी निघाले की ती शिवाजीनगरच्या स्टँडवर सोडायला यायची. मला लांबचं दिसायचं नाही, आणि चष्म्याला पैसे घालायचे नाहीत असा माझा हट्ट. मग ती लांबूनच वेळापत्रकाची पाटी वाचायची. “सव्वासहा, अकोले, फलाट तीन. पळ की, काय बघत्येस?” आणि माझी पिशवी उचलून माझ्यापुढे पळायची.

त्या वर्षी मार्चमध्ये बाईंना एडिंबरोहून पत्र आलं. तिथल्या ओळखीच्या प्रयोगशाळेत एक जागा होती. एकच. बाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं. म्हणाल्या, तुम्ही दोघी सारख्याच हुशार आहात आणि सारख्याच वेंधळ्या, मला निवडता येत नाही. “जिचा तुकडा उजेड पाडेल, तिचं नाव कळवते. एप्रिलअखेर पत्र जाईल.”

आम्ही बाहेर आलो, कॅंटीनमध्ये एक चहा दोघींत घेतला आणि हसलो. पण त्या दिवसापासून खोलीतलं बोलणं जरा जपून होऊ लागलं. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. मी जागेबद्दल नुसतं लिहिलं, तर त्यांनी शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात चौथीच्या पोरांना एडिंबरो दाखवलं होतं. आणि शैलाच्या घरी वैशाखातली तारीख धरली होती. मुलगा धारवाडचा, सिमेंटचा व्यापार, शिकलेली मुलगी चालेल पण शिकत असलेली नको. भावांनी एवढंच कबूल केलं होतं की परदेशातलं पत्र आलं तर लग्न पुढे ढकलू. नाही आलं तर सामान बांधून ये. ती मला हे एकदाच म्हणाली होती, केस विंचरत, आरशात बघून. पुन्हा त्यावर बोलली नाही.

तर ती दुपार. नऊ, एक्केचाळीस हजार सहाशे. मग तीन, पाच, आठ, सहा. सगळ्यात शेवटी “एक. तीनशे दहा.”

एक माझा होता. तीनशे दहा म्हणजे रिकामी नळी.

दार उघडलं तेव्हा ऊन डोळ्यांत घुसलं, म्हणून आम्ही दोघी डोळे चोळत होतो, आणि ते बरं झालं. मी तिला मिठी मारली. तिचं अंग गार होतं. त्या दिवशी भांडी घासायची पाळी माझी होती, पण ती म्हणाली, तू बस, मी करतो. बेळगावकडच्या बायका मी करतो, मी जातो, असंच म्हणतात. सगळ्या नळ्या तिनंच ब्लीचच्या बरणीत टाकल्या.

बाईंना मी वही दाखवली. बाई खूश झाल्या, कारण त्यांचा अंदाज तोच होता: लांब तुकड्यात सगळा मजकूर आहे, तर तोच जास्त उजेड पाडणार. आकडा आपल्या मनासारखा आला की माणूस त्याला फार प्रश्न विचारत नाही. तरी बाई त्या बाबतीत कडक. तीनदा पुन्हा करा, म्हणाल्या. पण त्याच आठवड्यात पेशींना बुरशी लागली, सगळं फेकावं लागलं. पेशी नव्यानं वाढवेपर्यंत एप्रिल संपला. पत्र गेलं. त्यात नाव शैला हुक्केरीकर.

शैला पासपोर्टासाठी बेळगावला गेली. मी एकटीनं नव्या पेशी वाढवल्या, सगळे तुकडे पुन्हा त्यांत सोडले, खोलीत अंधार केला आणि स्वतःच नळ्या घालून स्वतःच लिहू लागले. पहिल्यांदा करून झालं तेव्हा वाटलं, माझंच काही चुकलं. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा केलं. तिन्ही वेळा नऊ नंबरची नळी अंधारी राहिली. आणि तिन्ही वेळा एक नंबर चाळीस हजारांच्या वर गेला.

सहा महिने बाई विचारत होत्या तो उजेड पडला होता, आणि माझ्याच नळीत पडला होता. मग नळीवर मी काढलेल्या आकड्याकडे बघितलं.

मी मराठी आकडे काढायचे. वडिलांची शिकवण. ते म्हणायचे, आकडा आपल्या अक्षरात काढला की हात चुकत नाही. माझ्या चारही नळ्यांवर मराठी आकडे, शैलाच्या पाचांवर इंग्रजी. आणि मराठी एक, तो इंग्रजी वाचणाऱ्याला नऊ दिसतो. इंग्रजी नऊ, तो मराठी वाचणाऱ्याला एक. घमेल्यात दोन नळ्या होत्या, दोन्हींवर एकच खूण, वर गाठ आणि खाली शेपूट. जी आधी हाताला लागली ती शैलाला नऊ वाटली असणार, शेवटी उरली ती आपोआप एक.

मी बाईंकडे गेले. वही पुढे ठेवली. बाईंनी चष्मा वर केला, सगळी पानं उलटली, मग म्हणाल्या, “त्या दिवशी नळ्यांवर आकडे कुणी घातले?”

“एक ते चार मी. पाच ते नऊ शैलानं.”

“कसे?”

मी त्यांच्या टेबलावरच्या कागदावर ‘१’ काढला. बाईंनी कागद स्वतःकडे फिरवला, नुसता बघत राहिल्या.

“हा नऊ आहे, काळोखे.”

“एक आहे, बाई.”

“मला दिसतंय एक आहे. पण वाचणारी कॉन्व्हेंटची.” त्यांनी कागद घडी करून पेपरवेटखाली ठेवला. “एवढं शिकलीस, आणि तुला एक काढता येत नाही?”

बाहेर शिपाई पाण्याचा माठ भरत होता, त्याचा गुडगुड आवाज येत राहिला.

“मी पत्र पुन्हा लिहू शकते,” बाई म्हणाल्या. आता आवाज खाली आला होता. “चूक झाली, नाव दुसरं. त्यांना समजेल. तू सांग.”

खरं सांगते, मला जायचं होतं. चौथीच्या वर्गातला नकाशा डोळ्यांपुढे होता. पण आरशात केस विंचरणारी शैलाही होती. तिची चूक काय? मी तिच्या हातात असा आकडा दिला जो तिला वाचताच येणार नव्हता. माझ्या हट्टाची किंमत तिनं का भरावी?

“चूक माझी आहे, बाई,” मी म्हणाले. “तिला जाऊ दे.”

बाईंनी एडिंबरोला कळवलं की नऊ नंबरचा आकडा चुकीचा होता, नळ्यांवरच्या नंबरांत घोटाळा झाला, पण मुलगी चांगली आहे. त्यांनी जागा काढून घेतली नाही. प्रयोगशाळेच्या दारावर दुसऱ्या दिवशी कागद लागला: नळ्यांवर फक्त इंग्रजी आकडे. खाली बाईंची सही. तो कागद माझ्या आडनावानं ओळखला जायचा, काळोखे-कायदा.

शैलाला मी एसटीडी बूथवरून फोन केला. सगळं सांगितलं, तीनदा केलं तेही, बाई काय म्हणाल्या तेही, आणि मी काय म्हणाले तेही. पलीकडे इतकी शांतता होती की मला वाटलं, फोन कटला.

“शैले?”

“आहे की.”

“अगं, तू कशाला मनाला लावून घेतेस? माझा आकडाच तसा.”

“नर्मदे,” ती म्हणाली. मग म्हणाली, “तू दोन शिव्या घाल मला.”

“कशाबद्दल?”

ती रडायला लागली. बूथबाहेर रांग लागली होती, मी फोन ठेवला.

जूनमध्ये ती गेली. जाताना माझ्या ट्रंकेत तिनं स्वतः साठवलेले थोडे पैसे ठेवले आणि वर चिठ्ठी, आता तरी चष्मा कर, पाटी वाचायला मी नाही. मी चष्मा केला.

त्या एक नंबरच्या तुकड्यावर मी पुढची दोन वर्षं घालवली. आखूड तुकडा उजेड पाडतो, आणि तोच तुकडा पोटात असलेला लांब तुकडा मात्र गप्प राहतो, हे कसं? उत्तर निघालं ते असं की एक नंबरच्या लगेच वर, दोनपासून नऊपर्यंतच्या सगळ्या तुकड्यांत, आणखी एक मजकूर होता आणि त्याचं काम एवढंच, खालच्याला गप्प बसवणं. तो कापून टाकला की लांब तुकडाही झळझळायचा. मी शैलाला पत्रात लिहिलं, हळद कांडताना ओव्या रंगात आल्या आणि ओसरीच्या टोकाला सासू येऊन बसली की कशा सगळ्या गप्प होतात, तसं आहे हे. तिनं उत्तर लिहिलं, प्रबंधात त्याचं नाव सासूच ठेव. ठेवता आलं नाही. पण आमच्या पत्रांत ती सासूच राहिली.

मी संगमनेरच्या कॉलेजात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. लग्न, मुलगा, वडिलांचं आजारपण, सगळं तिथंच. वाईट झालं असं म्हणणार नाही. माझ्या हातून अनेक पोरींनी पहिल्यांदा पिपेट धरली. फळ्यावर मात्र मी कधी मराठी आकडा काढला नाही. वडिलांना मी पत्रावर तारीख घालायचे तीही इंग्रजी आकड्यांत. एकदा त्यांनी विचारलं, बाळ, आपले आकडे विसरलीस का? मी म्हटलं, सवय गेली.

शैला तिकडेच राहिली. तिनं मोठी कामं केली. तिची पत्रं आधी महिन्याला, मग वर्षाला, मग मोबाइल आल्यावर दिवाळीला फुलांचं चित्र. ती बेळगावला यायची, पण माझ्याकडे कधी आली नाही. काही ना काही आड यायचं. मी फार चौकशी केली नाही. काही धागे असतात, जोडून बघता येतात, पण आपण त्यांना हात लावत नाही.

गेल्या मे महिन्यात मात्र ती आली. न विचारता, फोन करून, की उद्या येतो. आता मी अकोल्याला राहते, आईच्या घराजवळ. माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आठ दिवसांपूर्वीच झालं होतं, काळा चष्मा, डोळ्यात थेंब. ती दारात उभी राहिली, केस सगळे पांढरे, कापलेले, आणि म्हणाली, “काळोखे, अजून अंधारातच काय गे?” माझ्या हातातलं ताट खाली ठेवेपर्यंत आम्ही दोघी हसून हसून रडत होतो.

ती दोन दिवस राहिली. तिनं कुंदा आणला होता. आम्ही दोन चमच्यांनी खाल्ला. संध्याकाळी ओसरीवर बसून आईची ओवी म्हणाली. एक शब्द विसरली नव्हती. मध्येमध्ये ती माझ्याकडे बघायची आणि बोलायला तोंड उघडून पाणी प्यायची. ठकारबाई गेल्याचं मी सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, “त्यांना शेवटपर्यंत तेच वाटत होतं का गे?” मी म्हटलं, काय तेच? ती म्हणाली, काही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सोडायला स्टँडवर गेले. उन्हं नुकती चढत होती. कंडक्टर चहा पीत होते, कुणाची तरी कोंबडी पिशवीतून मान बाहेर काढून बघत होती. औषधाच्या थेंबांनी मला सगळं धुरकट दिसत होतं. जुनी सवय ओठावर आली.

“शैले, पुण्याची गाडी कुठल्या फलाटाला लागते, वाच बरं.”

ती पाटीकडे बघत राहिली. आमच्या स्टँडवर अजून रंगानं काढलेले मराठी आकडेच आहेत. पत्र्यावर, काळ्या रंगात, वर गाठ आणि खाली शेपूट. मला ते दिसत नव्हतं, पण ठाऊक होतं.

“एक,” ती म्हणाली.

गाडी येऊन लागली. माणसं चढू लागली. ती चढली नाही. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून माझ्यासमोर उभी राहिली. मी काळा चष्मा काढला, तरी तिचा चेहरा नीट दिसेना, आवाज तेवढा ऐकू आला, घोगरा, शेवटी टेकणारा.

“नर्मदे, त्या दिवशी पण तो एकच होता. मला वाचता आला होता गे. नीट वाचला मी, आणि नऊ म्हणालो.”